शस्त्रवैद्याचें सोवळें

मागच्या पावसाळ्यांत एके दिवशीं संध्याकाळीं आमचे एक स्नेही आमच्याकडे आले, दिवाणखान्याचें दार त्यांनीं स्वतःच्या हातानें लोटून घेतलें आणि खिशांतून घडी केलेला एक कागद काढून आमच्यापुढें ठेविला. वीस वर्षांच्या मधुमेहानें त्यांचें पुरुषत्व हळूहळू हिरावून नेलें होतें. गोळ्या झाल्या, इंजेक्शनें झालीं. आणि अखेर डॉक्टरांनीं पुरुषेंद्रियाच्या आंत कृत्रिम साधन बसविण्याची शस्त्रक्रिया सुचविली होती. कागद त्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचा होता. त्यांतील एका ओळीवर त्यांनीं बोट ठेविलें. जंतुसंसर्ग झाल्यास बसविलेलें साधन काढून टाकावें लागेल, असा त्या इंग्रजी ओळीचा भावार्थ होता. "अर्थ मलाहि कळतो," ते म्हणाले, "पण इतक्या सुधारलेल्या काळांत ही ओळ अजून छापावी कां लागते, तें तुम्ही सांगा. तुम्ही इतिहासाचे प्रोफेसर ना?"

वैद्यकाचा प्रश्न आमच्याकडे आला याचें आम्हांला प्रथम नवल वाटलें; परंतु विचारांतीं तो खरोखरच इतिहासाचा आहे असें आमच्या ध्यानांत आलें, आणि पुढील दोन महिन्यांच्या वाचनाचा तो विषय झाला. हा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाहीं अशी हरकत कोणी घेतील. डोळा, दांत, गुडघा यांच्या दुखण्याविषयीं घरोघर मोकळेपणानें बोललें जातें. याच एका अवयवाच्या दुखण्यास कुजबुजीची शिक्षा कां, याचें सयुक्तिक उत्तर आम्हांस सांपडलेलें नाहीं. कुजबुजीनें रोग बरा झाल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ इ. स. १८६५ च्या ऑगस्ट महिन्यांतील लागोपाठच्या दोन दिवसांपासून करणें सोयीचें होईल. १२ ऑगस्ट रोजीं ग्लासगो येथील रॉयल इन्फर्मरींत अकरा वर्षांचा एक मुलगा आणण्यांत आला. गाडीचें चाक पायावरून जाऊन त्याच्या नडगीचें हाड मोडलें होतें व त्यावरची कातडी फाटली होती. हाड मोडून जखम उघडी पडली कीं ती सडावयाची, आणि मग पाय तरी जावयाचा किंवा प्राण तरी, हा त्या काळचा नित्याचा अनुभव. जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्यानें त्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडांत भिजविलेली पट्टी बांधली. मुलाचा पाय वांचला. दुसऱ्याच दिवशीं, १३ ऑगस्टला, व्हिएन्नाजवळच्या वेड्यांच्या इस्पितळांत इग्नाझ सेमेल्वाइस नांवाचा सत्तेचाळीस वर्षांचा डॉक्टर, जखम चिघळून तिचें विष अंगांत भिनल्यानें मरण पावला. एकाच सत्याच्या दोन टोकांना धरणारे हे दोन पुरुष एकमेकांस कधीं भेटले नाहींत.

सेमेल्वाइसचा अपराध असा कीं त्यानें डॉक्टरांच्या हातांवर संशय घेतला. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. पहिल्यांत बाळंतरोगानें मरणाऱ्या बायकांची संख्या दुसऱ्यापेक्षां कितीतरी अधिक असे. विद्यार्थी प्रेतें फाडण्याच्या खोलींतून थेट बाळंतिणीच्या खाटेशीं येत, हें सेमेल्वाइसनें हेरलें आणि १८४७ च्या मे महिन्यांत क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून कोणी रोग्यास शिवूं नये असा नियम घातला. एप्रिलांत त्या विभागांत शेंकडा १८ हून अधिक बायका दगावल्या होत्या. जूनमध्यें तें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास आलें. इतका धडधडीत पुरावा असतांहि थोर थोर अध्यापकांनीं तो मानला नाहीं. कारण तो मानणें म्हणजे आजवर मेलेल्या बायका आपल्याच हातानें मेल्या असें कबूल करणें होतें.

लिस्टरचें नशीब अधिक चांगलें. पाश्चरचें संशोधन त्याच्या वाचनांत आलें होतें, आणि सडण्याचें कारण सूक्ष्म जंतु आहेत असें म्हणण्यास त्याला शास्त्राचा आधार होता. त्यानें आपले आंकडे प्रसिद्ध केले. नव्या पद्धतीपूर्वीं हात किंवा पाय कापण्याच्या ३५ शस्त्रक्रियांपैकीं १६ रोगी दगावले होते. नवी पद्धत चालू झाल्यावर ४० पैकीं ६. पुढें २६ ऑक्टोबर १८७७ रोजीं लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलांत त्यानें त्याहून धाडसाचें काम केलें. गुडघ्याची मोडलेली वाटी, वरची कातडी शाबूत असतां, मुद्दाम उघडून त्यानें चांदीच्या तारेनें सांधली. आज आपल्या ओळखीच्या प्रत्येक कुटुंबांत कोणाच्या तरी अंगांत धातूची पट्टी, डोळ्यांतील भिंग किंवा कृत्रिम सांधा असतो. त्या सर्वांचें मूळ या धाडसांत आहे. परंतु याच क्षणीं एक नवी अडचण उभी राहिली. जखमेंत जंतु शिरूं नयेत हें खरें. पण जखमेंत परकी वस्तु ठेवावयाची असेल तर पूर्वीची काळजी पुरेल काय?

ती पुरत नाहीं, हें सर्वांत आधीं ज्यांना उमगलें त्यांत लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे सर विल्यम आर्बथनॉट लेन हे होते. मोडलेल्या हाडांवर पोलादी पट्ट्या बसविण्याचें काम ते करीत. तोंपर्यंत वाफेनें हत्यारें निर्जंतुक करण्याची जर्मन रीत रूढ होत चालली होती. अमेरिकेंत हॅल्स्टेड यांनीं १८८९-९० च्या हिंवाळ्यांत रबराचे हातमोजे वापरांत आणले होते. गमतीची गोष्ट अशी कीं ते मोजे रोग्यासाठीं नव्हतेच. औषधी पाण्यानें एका परिचारिकेचे हात फुटत होते, ते वांचावे म्हणून ते करविले होते. मोज्यांनीं रोगीहि वांचतो हें मागाहून कळलें. लेन यांना मात्र मोजा घातलेल्या हाताचाहि विश्वास वाटेना. त्यांनीं लांब दांड्याचीं हत्यारें करविलीं आणि नियम केला कीं बोट जखमेंत जाऊं नये, आणि हत्याराचें जें टोक जखमेंत जाईल त्याला बोटानें शिवूं नये. आमच्या वाचकांना हें चित्र परकें वाटूं नये. स्नान करून सोवळ्याचें लुगडें काठीच्या टोंकानें वळणीवर घालणारी आजी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना लेन यांची रीत समजावून सांगावी लागणार नाहीं.

पुढें पेनिसिलीन आलें, आणि १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत जंतूंचें राज्य संपलें असा पुष्कळांचा समज झाला. तो फार दिवस टिकला नाहीं. पेनिसिलीनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जंतु लवकरच इस्पितळांतून फैलावले. परंतु परक्या वस्तूच्या प्रश्नावर खरा प्रकाश पडला तो १९५७ सालीं. एलेक आणि कोनेन या दोघांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांच्या त्वचेंत मोजून जंतु टोंचले. नुसत्या त्वचेंत पू होण्यास कांहीं दशलक्ष जंतु लागत. तेथेंच रेशमाच्या दोऱ्याचा एक टांका असेल, तर सुमारे शंभर पुरत! एवढ्याशा दोऱ्यानें शत्रूचें बळ हजारों पटींनीं वाढविलें.

असें कां व्हावें? नदींतील दगडावर जसें बुळबुळीत शेवाळ धरतें, तसे जंतु निर्जीव पृष्ठभागास चिकटतात आणि आपल्याभोंवतीं चिकट पदार्थाचें आवरण विणतात. त्याच्या आंत दडलेल्या जंतूंपर्यंत रक्तांतील संरक्षक पेशी नीट पोहोंचत नाहींत, आणि मोकळ्या जंतूस सहज मारणारें औषध त्यांच्यापुढें दुबळें ठरतें. कॉस्टरटन प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९७८ च्या सुमारास या रचनेचें महत्त्व पुढें आणलें. १९८७ सालीं ग्रिस्टिना यांनीं तिचें वर्णन शर्यतीच्या रूपकानें केलें: वस्तु शरीरांत शिरतांच तिचा पृष्ठभाग व्यापण्यासाठीं शरीराच्या पेशी आणि जंतु यांच्यांत शर्यत लागते, व जो आधीं पोहोंचेल त्याची ती वस्तु. जंतु जिंकले तर ती वस्तु बाहेर काढण्यावांचून बहुधा गत्यंतर उरत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या कागदावरील ओळीचें मूळ येथें आहे.

आतां त्या साधनाकडे वळूं. पुरुषेंद्रियांत आधार घालून त्याला ताठपणा देण्याचे प्रयत्न पुष्कळ जुने आहेत. रशियांत बोगोराझ यांनीं १९३६ सालीं बरगडीची कूर्चा वापरल्याचें प्रसिद्ध केलें. पण असली कूर्चा शरीर हळूहळू शोषून घेतें. १९५२ सालीं गुडविन आणि स्कॉट यांनीं अॅक्रिलिकचा प्रयोग नमूद केला. १९६६ सालीं ईजिप्तमधील बेहेरी यांनीं पॉलिथिलीनच्या दांड्या बसविलेल्या शेंकडों रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. खरी क्रांति १९७३ सालीं झाली. अमेरिकेंतील ब्रॅन्टली स्कॉट, ब्रॅडली आणि टिम यांनीं पाणी भरून फुगणारें साधन जगापुढें ठेविलें. त्याच्या आजच्या रूपांत इंद्रियाच्या दोन्ही पोकळ्यांत एकेक नळकांडें, पोटाच्या खालच्या भागांत पाण्याची लहान पिशवी आणि अंडकोशाच्या पिशवींत एक पंप असतो. पंप दाबला कीं पाणी नळकांड्यांत येतें, कळ दाबली कीं परत जातें. सिलिकोनच्या साध्या, वांकणाऱ्या दांड्यांचा प्रकारहि आहे. त्या जातीचें, आपल्याकडील रोग्यांस परवडेल असें साधन मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनीं तयार केलेलें आहे.

हीं साधनें कांहीं विलासी मनुष्यांची चैन नव्हे. मधुमेह, प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, पाठीच्या कण्यास झालेली इजा, अशा कारणांनीं ज्यांचे दुसरे सारे उपाय खुंटले त्यांच्यासाठीं तीं आहेत. आणि येथें जंतूंचा जय झाला तर हानि केवळ पैशाची नसते. साधन काढल्यावर आंतल्या पोकळ्या कठीण वणानें भरून येतात, इंद्रिय आंखडतें, आणि पुन्हां साधन बसविणें पहिल्याहून पुष्कळ अवघड होतें. पहिल्या वेळीं असा संसर्ग सामान्यतः शेंकडा एक ते तीन रोग्यांस होई, आणि जुनें साधन बदलतांना त्याहून अधिकांस. शंभरांत एक हा आंकडा वाचतांना लहान वाटतो. तो एक आपण असलों कीं तो शंभरांत शंभर होतो.

मग हे जंतु येतात कोठून? बहुतांशीं रोग्याच्या स्वतःच्या त्वचेवरूनच. जन्मभर आपल्या कातडीवर निरुपद्रवीपणें नांदणारे जंतु सुरीच्या मागोमाग आंत उतरतात. त्वचेवर उघड्या जखमा किंवा पुरळ असेल अथवा लघवींत संसर्ग असेल, तर शस्त्रक्रिया पुढें ढकलतात, तें याचसाठीं. केस शस्त्रक्रियेच्या वेळींच काढतात, कारण आदल्या दिवशीं वस्तऱ्यानें पडलेल्या बारीक ओरखड्यांत रात्रभरांत जंतु वाढतात. त्वचा पुसण्यासाठीं मद्यार्कांतील क्लोरहेक्झिडीन हें पोव्हिडोन-आयोडीनपेक्षां सरस असल्याचें १९१० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१० सालीं, ८४९ रोग्यांच्या तुलनेंत दिसून आलें: एका गटांत जखमेचा संसर्ग शेंकडा ९.५, तर दुसऱ्यांत १६.१. त्या शस्त्रक्रिया निराळ्या होत्या. परंतु धडा या शस्त्रक्रियेसहि लागू करण्यांत आला. जंतुनाशक औषध केव्हां द्यावें याचेंहि शास्त्र आहे. अमेरिकेंतील युटा येथें २,८४७ रोग्यांचा हिशेब करून १९९२ सालीं दाखविण्यांत आलें कीं छेद घेण्यापूर्वींच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत संसर्ग सर्वांत कमी, शेंकडा ०.६; छेदानंतर तीन तास उलटून मिळालेल्यांत शेंकडा ३.३. औषध तेंच, फरक घड्याळाचा!

यानंतर साधनासच औषधाचें कवच चढविण्याची युक्ति निघाली. २००१ सालीं अमेरिकेंत रिफॅम्पिन आणि मिनोसायक्लीन या दोन औषधांनीं भारलेलें साधन बाजारांत आलें. लगोलग दुसऱ्या एका कारखान्यानें पाणी शोषून घेणारा असा लेप काढला कीं शस्त्रवैद्यानें ज्या औषधांत साधन बुडवावें तें औषध त्यानें धरून ठेवावें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चार हजारांहून अधिक रोग्यांच्या तुलनेंत, सहा महिन्यांच्या अखेरीस साध्या साधनांत संसर्ग शेंकडा १.६१ तर औषधी साधनांत ०.६८ आढळला. ज्या रोग्यांचा घात व्हावयाचा त्यांतील निम्म्याहून अधिक वांचले.

आतां हात सैल सोडावयास हरकत नाहीं, असें येथेंहि कोणास वाटलें असतें. परंतु न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य फ्रान्स्वा ईद यांनीं उलट मार्ग धरला आणि लेन यांचें जुनें व्रत नव्यानें घेतलें. त्यांची रीत अशी: त्वचेवर छेद घेतला कीं तोंवर वापरलेलीं हत्यारें व मोजे दूर करावयाचे, मग साऱ्या जागेवर एक नवी पारदर्शक चादर अंथरून तिला मध्यें लहान भोंक पाडावयाचें, आणि तिच्या कडा जखमेच्या कडांशीं आंकड्यांनीं अशा अडकवावयाच्या कीं रोग्याची त्वचा कोठेंहि उघडी राहूं नये. नंतर नवे मोजे, नवीं हत्यारें. आणि त्यानंतरच साधनाचें वेष्टन उघडावयाचें. साधनाला त्वचा शिवत नाहीं, आणि त्वचेला शिवलेली कोणतीहि वस्तु शिवत नाहीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेले त्यांचे आंकडे बोलके आहेत. साध्या साधनांच्या काळीं संसर्ग शेंकडा ५.३; औषधी साधनें आल्यावर सुमारे २; आणि तींच साधनें या अस्पर्शाच्या रीतीनें बसवूं लागल्यावर ०.४६. हे आंकडे एकाच शस्त्रवैद्याचे व एकामागून एक आलेल्या काळांतील आहेत, आणि वर्षांबरोबर हातहि सुधारतो, ही सूट दिली पाहिजे. ती देऊनहि शिस्तीचें श्रेय पुष्कळ उरतें.

यावर इतिहास संपला असें समजूं नये. २०१७ सालीं अनेक इस्पितळांनीं मिळून संसर्गामुळें काढलेल्या वा बदललेल्या साधनांवरील जंतूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत त्वचेवरील ओळखीच्या जंतूंबरोबरच बुरशी आणि प्राणवायूवांचून वाढणारे जंतु यांचाहि लक्षणीय वांटा निघाला. आणि त्या काळच्या अधिकृत शिफारशींतील औषधें त्या सर्वांना पुरीं पडत नव्हतीं. एक दार लावलें कीं शत्रु दुसरें शोधतो. हरलेल्यांसाठींहि वाट निघाली आहे. अमेरिकेंतील मल्काही आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं अशी रीत प्रसिद्ध केली कीं दूषित साधन काढून, पोकळ्या निरनिराळ्या जंतुनाशक पाण्यांनीं लागोपाठ धुऊन, त्याच बैठकींत नवें साधन बसवावें. योग्य रोगी निवडल्यास पांचांपैकीं सुमारे चारांस ती लागू पडते.

या दीडशेंहून अधिक वर्षांकडे पाहतां आमच्या मनांत आपल्या घरांतील सोवळ्याचा विचार पुन्हां पुन्हां येतो. बाह्य रूप किती सारखें! तेंच वेगळें वस्त्र, तीच शिवाशिव, तोच एका स्पर्शानें सारें पुन्हां पहिल्यापासून. परंतु दोहोंच्या पोटांतील भाव अगदीं उलट आहे. आपलें सोवळें दुसऱ्यास ओवळें ठरवीत आलें. त्याच्या नांवाखालीं आपण माणसांना विहिरीपासून आणि देवळापासून दूर ठेविलें, त्यांचा अपमान केला, आणि त्यानें एकहि जंतु मेला नाहीं. शस्त्रवैद्याचें सोवळें स्वतःस ओवळें समजण्यापासून सुरू होतें. माझा हात, माझा मोजा, माझें हत्यार हेंच कदाचित् विषाचें वाहन असेल, हा संशय जो रोज नव्यानें घेतो तोच येथें शुद्ध. सेमेल्वाइसच्या काळच्या विद्वानांना औषधाची उणीव नव्हती. चुन्याचें पाणी सर्वांना परवडण्याजोगें होतें. त्यांना जड गेला तो हा संशय. त्यानंतर कार्बोलिक आलें, पेनिसिलीन आलें, औषधी कवच आलें. प्रत्येकानें कांहीं प्राण आणि कांहीं अवयव वांचविले. पण त्यांपैकीं एकानेंहि त्या संशयाची जागा घेतली नाहीं.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं हेंच सांगितलें. ती ओळ अजून छापावी लागते, कारण निर्जीव वस्तूवर शरीराचा पहारा नसतो, आणि ज्या दिवशीं ती छापणें बंद होईल त्या दिवशीं मोजे बदलण्याचाहि कोणास कंटाळा येऊं लागेल. मग आम्हीं दोघांनीं बसून, डॉक्टरांस विचारावयाचे चार प्रश्न कागदाच्या मागच्या बाजूस लिहिले: साखर किती आटोक्यांत हवी, त्वचा कशानें पुसणार, औषध कोणत्या वेळीं देणार, आणि साधन उघडण्यापूर्वीं मोजे व हत्यारें बदलणार काय. डॉक्टरांस राग येईल अशी त्यांना धास्ती होती. राग आला नाहीं; उलट चौथ्या प्रश्नास त्यांनीं चित्र काढून उत्तर दिलें.

दिवाळीच्या आधीं शस्त्रक्रिया झाली. हें लिहीत असतां तीन महिने लोटले आहेत आणि जखम स्वच्छ भरली आहे. असा संसर्ग कित्येकदां महिन्यांनींहि डोकें वर काढतो, हें आमच्या वाचनावरून त्यांनाहि ठाऊक झालें आहे. म्हणून पेढे अजून वांटलेले नाहींत. मात्र परवां ते आले तेव्हां दिवाणखान्याचें दार उघडेंच राहूं दिलें.